मुरड

मकरपुऱ्याहून सुटलेली कंपनीची बस
सहा चाळीसला मला रावपुऱ्याच्या नाक्यावर सोडते.
दिवाळीला उरलेत नऊ दिवस. डबे अकरा.
रजा एकच, तीही साहेबांनी उपकार केल्यासारखी दिलेली.

म्हणून सुकं खोबरं मी नवरात्रातच किसून भाजलं,
खसखस, वेलदोडा, पिठीसाखर घालून
सारण ठेवून दिलं फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीखाली.
भाजणी मे महिन्यातली.
करंज्यांचा आणि चिरोट्यांचा मैदा एकाच परातीत भिजवला.
पोह्यांना ऊन दाखवलंच नाही,
मायक्रोवेव्हमध्ये फिरवले, तीन-तीन मिनिटं
(हे प्रमिला आत्यांच्या कानावर जायला नको).
जुन्या लग्नपत्रिका कापून यशोधनने नावं लिहिली:
खानविलकर, फाळके, निंबाळकर काकी,
चौथ्या मजल्यावरचे नवे भाडेकरू, ज्यांचं नाव
अजून कुणालाच नीट माहीत नाही.

तरी रात्री हिशेब केला
तर तीन तास कमीच पडत होते.

जिन्यात दक्षाबेन भेटल्या, हातात मठियाचं पीठ,
कपाळावर तोच हिशेब.
म्हणाल्या, तारो चिवडो ने मारा घुघरा,
मारा घुघरा ने तारी करंजी, वस्तु तो एकज ने?
मी म्हटलं, एकच.
मग दोन्ही घरांचा चिवडा माझ्या कढईत,
दोन्ही घरांच्या करंज्या त्यांच्या पाटावर,
आणि मधल्या जिन्यावरून ताटं वरखाली,
वर्तमानपत्राने झाकलेली, चोरीच्या मालासारखी.

वाचले चक्क साडेतीन तास.
काय करायचं त्यांचं, दोघींना सुचेना.
शेवटी सुरसागरच्या कठड्यावर जाऊन बसलो,
समोर पाण्यात दिवे, पाठीमागे खरेदीची गर्दी,
आणि मला दिसलं,
दक्षाबेन बोलतायत जावयाबद्दल, गुडघ्याबद्दल,
पण त्यांचा अंगठा आणि तर्जनी
ओढणीच्या काठाला मुरड घालतायत.
बारीक, तिरकी, एकीला लागून दुसरी.
संबंध काठ संपला तेव्हा त्या उठल्या.

धनत्रयोदशीला दांडिया बाजारात आत्यांकडे गेले.
त्यांनी डबा उघडला, चष्मा वर केला,
करंजी उजेडात धरली, जशी कुणी नोट धरावी.
"ही मुरड तुझी नाही.
तू कातण्याने कापतेस. सरळ. घाईघाईने.
ही कुणा गुजरातणीची बोटं."

चूक कबूल करायला मी तोंड उघडलं.
मायक्रोवेव्हचंही सांगून टाकावं वाटलं.

आत्यांनी करंजी मोडली, खाल्ली,
पदराने ओठ टिपले.
"आणि माझे अनारसे," त्या म्हणाल्या,
"अख्ख्या घराण्यात ज्यांचं नाव घेतात,
ते पीठ मी एकदाच केलं होतं. लग्नाच्या वर्षी. फसलं.
पुढची चौतीस वर्षं खंडेराव मार्केटमागची लीलाबाई करून द्यायची.
मी फक्त खसखशीवर थापायचे.
कुणाला बोलू नकोस."

मग किती वेळ हसलो कोण जाणे.
वाचवलेल्यातला नव्हता तो वेळ,
कुठल्याच हिशेबात नव्हता.

निघताना त्यांनी डबा परत दिला,
धुतलेला, पुसलेला, आणि अर्थातच रिकामा नाही.
आत चार अनारसे.
"कुणाच्या हातचे?" मी विचारलं.
त्या म्हणाल्या, "खा की गप."

घरी पोचून मी एक दक्षाबेनना दिला.
त्यांनी उलटसुलट करून पाहिला,
जाळी मोजल्यासारखी बोटाने चाचपली
आणि विचारलं, आ कोणे बनाव्या?
मी म्हटलं, माहीत नाही हो,
पण मुरडीचा कानवला देतात तो यासाठीच,
गेलेल्याने मागे फिरून यावं म्हणून.

त्यांना कानवला कळला नाही.
अनारसा कळला.
रिकाम्या डब्यात मूठभर मठिया घालून
त्यांनी तो माझ्याकडे सरकवला.