उजेडात या

जानेवारीच्या गारठ्यात, चूळ भरताना
पाणी डाव्या कोपऱ्यातून आपोआप ओघळलं
तेव्हा कळलं, तोंडावरून वारं गेलंय.
डावा डोळा मिटेना.
चहा अर्धा पोटात, अर्धा पदरावर.

जेल रोडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, म्हणाले,
नसांच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा,
ते फोनवरच भेटतात. रिक्षा नको, रांग नको.
फक्त आधी
तुम्ही तुम्हीच आहात एवढं दाखवा.

खालच्या मजल्यावरचा निहाल आला,
साखरेच्या डब्याला टेकवून त्याने फोन उभा केला.
सहा आकडे आले म्हणे. आले ते जुन्या नंबरावर,
तो नंबर आता भाच्याकडे, भगूरला.
भाचा गाडीवर. थांबला, हातमोजा काढला, वाचून दाखवलं
तोवर आकडे शिळे झाले.

मग नाव अडलं.
आधारवर सुलभा पगारे, पेन्शनच्या कागदावर सुलभाबाई.
"मावशी, हे बाई कुठून आलं?"
अरे, प्रेसमधल्या कारकुनाने चिकटवलं, सत्त्याऐंशी साली.
माझ्या आधीच्या सगळ्यांना होतं, मलाही दिलं.

मग चेहरा.
गोलात या. आले.
डोळे मिचकवा. एक मिचकला.
हसा.

हसायला काही कारण नव्हतं तरी हसले.
उजवा गाल वर गेला,
डावा बसून राहिला, संपावर गेल्यासारखा.
चेहरा जुळत नाही.
पुन्हा. चेहरा जुळत नाही.
तिसऱ्यांदा लाल अक्षरं:
संशयास्पद प्रयत्न. खाते चोवीस तास बंद.

निहाल खाली गेला. मी तशीच बसले
त्या काळ्या काचेसमोर.

नोट प्रेसमध्ये एकतीस वर्षं तपासणीला होते.
लोक विचारायचे, खोटी नोट कशी ओळखता हो?
काय सांगणार,
खोटी नोट मी कधी पाहिलीच नाही.
आमच्या टेबलावर यायच्या त्या सगळ्या खऱ्याच.
कुणाची शाई सरकलेली, कुणाचा आकडा पुसट,
एखादीचा कोपरा छापताना दुमडलेला.
लाल पेन्सिलीची रेघ ओढायची, बाजूला ठेवायची.
त्यांचा चुरा व्हायचा, पण
खोटी
कुणी म्हणत नव्हतं त्यांना.

दुसऱ्या दिवशी एका मुलीचा व्हिडिओ कॉल,
पडताळणी विभागातून. वय बावीस-तेवीस, कानात मोठी यंत्रं.
"मॅडम, जरा उजेडात याल?"
खिडकीशी गेले.
"थोडी मान तिरकी."
केली.
हे मला येतं, पोरी. फक्त दुसऱ्या बाजूने येतं.
आधी कडा बघायच्या, मग मधलं,
शेवटी सगळं एकदम.

"चेहऱ्यावर काही खूण?"
हनुवटीवर तीळ. वारं गेलं, तो जागचा हलला नाही.

ती गप्प झाली. कार्डावरचा फोटो, मी,
पुन्हा फोटो.
ती शांतता माझ्या ओळखीची,
दोन गठ्ठ्यांच्या मधे हात थांबतो ना, ती.
मग एकदम म्हणाली,
"काकू, हे कधीपासून झालं?"

सहा दिवसांत हा प्रश्न
डॉक्टर सोडून पहिल्यांदा कुणी विचारला.
सांगितलं. तिच्या आजोबांनाही झालं होतं म्हणे,
फुगे फुगवायला लावायचे त्यांना,
फुगे फुटून घरभर रबराचे तुकडे.
हसली. मीही. दोघींचं हसणं वेगवेगळ्या आकाराचं.
लगेच सावरून, कागदावरचं वाचल्यासारखं,
"धन्यवाद मॅडम, तुमची पडताळणी पूर्ण झाली आहे."

गुरुवारी चार चाळीसला डॉक्टर दिसले.
मागे पांढरी भिंत, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ.
नाव विचारलं नाही.
म्हणाले, डोळे घट्ट मिटा.
एक मिटला.
म्हणाले, आता हसून दाखवा.

मी साखरेच्या डब्याकडे पाहिलं,
आणि जेवढं येत होतं तेवढं हसले.

"बरोबर," ते म्हणाले,
आणि लिहायला लागले.