एरर दोनशे

शाहूपुरीत, मगदूमांच्या गुळाच्या अडतीत
नवा संगणक आला आणि माझा जुना हिशेब बंद पडला.
रनटाइम एरर दोनशे. शून्यानं भागाकार.

कुठं भागतो मी शून्यानं?
रवे, वजन, तोलाई, हमाली,
एकेक ओळ बोटानं चाळली.
बिगिनच्या खाली पहिल्याच ओळीत थांबा टाकला.
प्रोग्रॅम तिथवरही येत नव्हता.

तीन चहा झाल्यावर वर बघितलं:
युजेस सीआरटी.
ही लायब्ररी जागी होता होता मोजते
घड्याळाच्या एका ठोक्यात यंत्र किती गिरक्या घेतं,
आणि पंचावन्ननं भागते.
यंत्र एवढं चपळ, की भागाकार
तिच्या सोळा बिटांच्या मापात मावेना.
शून्य नव्हतंच कुठं.
उतू गेलं होतं.

"म्हंजे लई पळतंय म्हणून पडलंय?" भाऊसाहेब म्हणाले.
"व्हय."
"मग आमच्या थोरल्यागतच हाय की."

सीआरटी काढली, कम्पाइल केलं.
लगेच बोट: ओळ एकशे बारा, डिले कोण, ओळखत नाही.
मी ओळखलं.
चौऱ्याण्णव साली मीच लिहिलेलं,
वजन पडद्यावर दोन सेकंद थांबावं,
गुंडू तोलाईदाराला वाचता यावं म्हणून.

त्या जागी रीडलाइन लिहिलं. आता सेकंद नाहीत.

गुंडूनं चष्मा कपाळावर चढवला,
आकडा ओठांत वाचला,
परत वाचला,
आणि गुळानं माखलेल्या अंगठ्यानं
एंटर दाबलं.