सातवा रकाना

तालुक्याच्या नकाशावर
माझी वीस दिवसांची पायपीट चिंचोक्याएवढी.
नाल्याच्या अलीकडे बारीक ठिपके, 'इतर धर्म व पंथ'.
पलीकडे एकच सपाट रंग.

नागपूरहून आलेल्या संशोधक बाई
नाल्यावरून बोट फिरवत म्हणाल्या,
इथं स्पष्ट सीमा दिसते, गुरुजी. श्रद्धेची.
मी विचारलं, चहात साखर किती?

लच्चू आत्राम अंगणात अंबाडीचा दोर वळत होता.
प्रश्न सातवा, धर्म.
"आमी सहा देवाचे."
माझ्या यादीत सहा म्हणजे जैन.
मला हसू आलं. तो वळतच राहिला.
"अन् सोयरे सात देवाचे."
साताला तर अंकच नव्हता.
मग मी अक्षरं लिहिली, कोया पुनेम,
शेवटचा म चौकटीबाहेर गेला.

पंचफुला मेश्रामनं मी तोंड उघडायच्या आधीच
"पाच" सांगितलं,
आणि वाकून पाहिलं
पाचाचं पोट नीट निघालं की नाही.
याच आडनावाचे एक मेश्राम
नाल्यापलीकडे सात देव सांभाळतात.
नातं काही नाही, दोन्ही घरं म्हणतात.
लग्नपत्रिका मात्र जाते.

नाल्यापलीकडचा गट घोडमारे सरांचा.
त्यांचा गुडघा सुजलेला, रस्ता मुरमाचा.
पोलीस पाटलाच्या ओट्यावर बसून
नावं विचारली, वयं विचारली,
आणि सातव्या रकान्यात एक, एक, एक
शेवटच्या घरापर्यंत.
"इचारून काय नवं निघनार हाये, सांगा बरं?"
सात देवांचे मेश्रामही त्यातच गेले.

तर बाई, तुमची सीमा खरी आहे.
ती सरांच्या गुडघ्यातून जाते.

एवढं बोललो, आणि चहा गार झाला तरी
तक्त्याच्या तळाशी नजर अडकून राहिली.
'धर्म सांगितला नाही : तीन.'
त्यातली एक माझी.

टेकडीवरच्या पोडात, शेवटचं खोपट.
कोलाम म्हातारी सूप पाखडत होती.
तिनं सांगितला होता.
एकच शब्द, तिच्या बोलीतला.
मी कान पुढे केला, तिनं पुन्हा सांगितला,
सूप थांबवून, हळू,
लहान पोराला सांगावं तसा.

तिसऱ्यांदा विचारायची
मला लाज वाटली.