पायली आणि किलो

मेडिकल चौकामागच्या लॅबमध्ये
कूलरचं पाणी संपलं तेव्हा दोन वाजले होते
आणि पडद्यावर ठिपक्यांचे दोन थवे,
एक निळा, एक केशरी,
मध्ये मोकळं मैदान.

निळे म्हणजे दोन हजार नऊच्या काचपट्ट्या.
त्या उजेड मोजायच्या.
पूर्ण अंधार त्यांना माहीतच नाही,
गप्प बसलेल्या जनुकापाशीही थोडं धुकं चमकतं.
केशरी नव्या यंत्रातले. ते तुकडे मोजतं,
सात, नव्वद, चाळीस हजार,
आणि कधी सरळ सांगून टाकतं: शून्य.
शून्याचा लॉग निघत नाही,
म्हणून आम्ही प्रत्येकाच्या पदरात एक टाकतो
आणि पुढे जातो.

गाठी त्याच. माणसं इथलीच,
उमरेडची, काटोलची, दोघी-तिघी सदरमधल्या.
मी मॉडेलला विचारलं, कुणाचा आजार उलटेल?
ते शिकलं एवढंच
की कोणता नमुना कोणत्या यंत्रातून आला.
अठ्ठ्याण्णव टक्के अचूक.
चैताली बावनकर म्हणाली,
"घ्या. यंत्राला यंत्र ओळखू येतं."

बाबा कळमन्यात मापारी होते.
पायली गेली, काटा आला, त्या साली
अडते म्हणाले, जुन्या वह्या जाळा,
तुरीची पायली वेगळी, जवसाची वेगळी,
याचे किलो करणार कसे?
बाबांनी वही मांडीवर घेतली.
"आकडा सोडा ना जी. रांग पाहा.
तवा सतरावा कोण होता?
त्याले आजच्या सतराव्याचं वजन द्या."

मी तेच केलं.
प्रत्येक नमुन्यातली वीस हजार जनुकं
लहानापासून मोठ्यापर्यंत उभी केली,
जुन्या रांगेला नवे आकडे नेसवले.
थवे एकमेकांत शिरले.
मॉडेल पहिल्यांदाच आजाराबद्दल बोलू लागलं,
चाचरत, पण आजाराबद्दल.

मग एकशे चौदा नंबर दिसला.
निळ्यांतला. मुळात त्याची सगळीच जनुकं
मोठ्यानं बोलत होती.
आता तो चारचौघांसारखा.
ती बाई खरंच ओरडत होती
की त्या दिवशी स्कॅनर तापला होता,
हे आता कुठल्याच रकान्यात नाही.

बाबांच्या वहीतही
ज्या साली सगळ्यांचंच उदंड पिकलं
ते साल सापडत नाही.
पहिला पहिलाच, सतरावा सतरावाच.

एकशे चौदाचे मूळ आकडे
मी वेगळ्या फाइलीत ठेवलेत, न नेसवलेले.
मग बादली घेऊन
कूलर भरायला उठले.