शेरा

धायरीत, चौथ्या मजल्यावर, गॅलरीच्या कोपऱ्यात
जावयाने टाकून दिलेला जुना सीपीयू.
त्यावर मी डेटाबेस सर्व्हर बसवतो आहे.
बसवतो म्हणजे गणपती बसवतात तसा नाही,
पाण्याची मोटार बसवतात तसा, हात काळे करत.

कशासाठी, तर टँकरसाठी.
सोसायटीच्या तेरा वर्षांच्या बारा वह्या :
तारीख, वेळ, गाडी नंबर, लिटर, चालकाची सही,
सही येत नसेल तिथे निळा अंगठा.
बिल आलं की मी वही काढायचो
आणि ढमढेरे टँकरवाला म्हणायचा,
काका, वहीत काय, कुणीही काहीही लिहील.

खडकीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलं,
पास दाखवल्याशिवाय साहेबालाही आत सोडलं नाही.
आणि हा सर्व्हर!
रूटला पासवर्ड नाही. नुसतं एंटर दाबा, या.
वर एक निनावी युजर, त्याने आपणहून ठेवून घेतलेला,
आणि 'टेस्ट' नावाची खोली, येईल त्याला उघडी.
धर्मशाळा आहे का ही? मी पडद्याला विचारलं.
कुमुदिनी आतून म्हणाली, कुणाशी बोलताय?

निनावी माणसाला काढून टाकलं.
एक ओळ, शेवटी एक अर्धविराम.
त्याने तक्रार केली नाही. कुठल्या नावाने करणार?

मग पत्ता. कुणाचं ऐकायचं, हे सर्व्हरला सांगावं लागतं.
आधी तो सगळ्यांचंच ऐकत होता,
जावयाला हिंजवडीतून बघता यावं म्हणून
राउटरमध्ये मीच एक भोक ठेवलं होतं.
लॉग उघडला तर एका रात्रीत
चारशे एकवीस वेळा दार वाजलेलं.
रूट, अ‍ॅडमिन, रूट, एक दोन तीन चार,
कुठल्या देशातून कोण जाणे, न कंटाळता,
आमच्या टँकरच्या हिशेबासाठी!
भोक बुजवलं. फाइलमध्ये लिहिलं :
एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.
म्हणजे फक्त स्वतःचंच ऐकायचं.
कुमुदिनी म्हणाली, हा तर तुमचाच पत्ता.

टायपिंग तिचं, माझे डोळे मोतीबिंदूचे.
तिचं खातं उघडलं. बघायचा अधिकार दिला, भरायचा दिला,
खोडायचा दिला नाही. चुकून काही गेलं तर, म्हणालो.
ती चष्म्यावरून बघत राहिली.
"आणि तुम्हाला?"
"मी रूट."
"तुमच्या हातून चुकत नाही?"
विजेचं बिल दोनदा भरलेलं मला आठवलं.
तिला आठवायची गरज नव्हती.

तेव्हा मीही माझं दुसरं खातं केलं, तिच्याएवढंच,
आणि रूटचा पासवर्ड कागदावर लिहून, दुमडून
तिच्या शिवणयंत्राच्या बॉबिनच्या डबीत.
लिहू नये म्हणतात. पण कारखान्यातही शेवटची किल्ली
लाखेचं सील लावलेल्या पाकिटात
दुसऱ्याच कुणाकडे तरी असायची.

आता रोज दुपारी ती चार-पाच पानं भरते.
काल थांबली.
दोन हजार सोळा, मे, चौदा तारीख.
टँकर आला नाही. लिटर शून्य.
आणि समासात माझ्याच अक्षरात :
तळमजल्याच्या पानसरेबाईंनी त्यांच्या पिंपातलं पाणी
सगळ्यांना दिलं. तांब्या तांब्या.

"हे कुठे घालू? रकानाच नाही."
मी म्हटलं, सोड, हिशेबाला ते लागत नाही.
ती सोडेना.
मग डबी उघडली, कागद उलगडला, रूट झालो,
चालू सर्व्हरवर, सहा हजारांवर ओळी भरलेल्या असताना
एक रकाना वाढवला. नाव : शेरा.

बाकी सगळ्या ओळींत तो मोकळा आहे. नल.
नल म्हणजे शून्य नव्हे, जावई फोनवर सांगतो,
नल म्हणजे तिथे अजून कुणी काही लिहिलेलं नाही.

खाली हॉर्न वाजतो.
कुमुदिनी म्हणते, वही घेऊन जा.