एक जानेवारी

बेव्हर्लीच्या रेसकोर्सवर, जॉकींचं वजन करतात त्या खोलीत
ओकची एक काळपट फळी आहे.
स्किडबी प्लेट. दोन वर्षांच्या घोड्यांसाठी.
पाच फर्लांग, सगळे चढाचे.
खाली जिंकलेल्यांची नावं, सोनेरी.

मला फक्त यादी टाइप करायची होती,
दीडशेव्या वर्षाच्या पुस्तिकेसाठी.

पहिलं नाव टॅलो कँडल. घोडी.
मालक हलचा चरबीवाला.
त्याचा चांदीचा पेला पुढे नातवानं गहाण टाकला,
सोडवलाच नाही.

इथल्या नऊच्या आकड्याला शेपूट आहे,
डावीकडे वळलेलं, मांजरासारखं.
मग चार वर्षांची कोरी जागा.
घोडे फ्रान्सला गेले होते तोफा ओढायला,
आणि फळी रंगवणारा एल्केना पॉटरही.
एकोणीसशे एकोणीसचे दोन्ही नऊ
सरळ आहेत.

हॅरिएट साइक्स चहा घेऊन आली.
म्हणाली, दोन वर्षांचे हे आपलं म्हणायचं.
इथं सगळ्यांचा वाढदिवस एक जानेवारी.
मे संपताना जन्मलेलं शिंगरूसुद्धा
एक जानेवारीला वर्षाचं होतं, सात महिन्यांत.

मी म्हटलं, आमच्याकडे एक जून.
तिला कळलं नाही.
कसं सांगणार, की बाबांना शाळेत घातलं तेव्हा
मास्तरांनी त्यांचा उजवा हात डोक्यावरून
डाव्या कानाला लावून पाहिला.
बोटं टेकली नाहीत.
टेकली असं लिहिलं.
त्या टेकलेल्या बोटांपायी
बाबा दीड वर्ष आधी रिटायर झाले,
कागदावर म्हातारे,
रोज सकाळी उगाच इस्त्रीचा शर्ट घालून.

जुन्या वहीत शेवटून पहिलेही असतात.
एकतीस साल, सोळावा नंबर: मिसेस ऑग्ल्थॉर्पची घोडी,
नाव ठेवलेलं नाही, जन्म एकोणतीस मे.
शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द:
धावली.

फळीवर तिला जागा नाही. पुस्तिकेतही.

दुपारी शर्यत होती.
कुंपणापलीकडे वेस्टवुडच्या गायी चरत होत्या,
एकीनंही मान वर केली नाही.
सगळे चढून गेल्यावर
एक लहानखुरं, तांबूस, अजून वर येत होतं.
जॉकीनं चाबूक केव्हाच खाली घेतला होता.
कान मात्र दोन्ही पुढे,
जणू तिकडून कुणी
त्याचं खरं वय विचारत होतं.