वेलतोड

कागदावर तिचं नाव 'उपद्रवी वेल'.
सागाच्या वाढीला अडथळा, मार्चअखेर निकाली काढावी,
खाली रेंज ऑफिसचा गोल शिक्का.
रोजंदारीवरच्या पुनो वेळीपला घेऊन
मी साळजिणीच्या चढणीला लागलो.

गारंबी एका जागी सापडत नाही.
बुंधा इथं, मांडीएवढा, पिळलेला,
आणि शेंडा कुठं, ते विचारावं लागतं
किंदळाला, मग माट्टीला,
मग ओहोळापलीकडच्या नाण्याला.
पुनोनं कोयता उचलण्याआधी तिला हात लावला.
"म्हजी आवय हिचेच सालीन न्हाताली,"
एवढंच म्हणाला, आणि घातला घाव.

सहाव्या घावाला वर काहीतरी सैल झालं.
वेल मात्र पडली नाही.
तुटूनही महिनाभर तशीच लटकली, हिरवी,
खोटी साक्ष दिल्यासारखी.
मग पानं गळली, मग कमरेएवढ्या शेंगा,
खण खण सुटत.

मे महिन्यात एकटा गेलो मोजणीला.
शेकरू किंदळावरून धावत आलं,
पूल होता तिथवर,
आणि थांबलं.
पुढं पंधरा-वीस फूट नुसती हवा.
शेपूट झटकलं. मागं वळलं. परत आलं.
शेवटी डोकं खाली करून उतरलं जमिनीवर
आणि दगड दगड चाचपत ओहोळ ओलांडला त्यानं.
मी जिना काढून नेलेला,
आणि घरचा माणूस काही न बोलता
खिडकीतून उतरत होता.

मोजणीत लिहिलं : वेली, एकशे सत्तावीस.
पुलांसाठी रकाना नव्हता.

एक बी खिशातून घरी आली.
तपकिरी, चपटी, पोराच्या तळव्याएवढी.
ओळखीची.
सिरिदावच्या वाळूत तिसरे वेचताना आईला सापडायची,
समुद्रात कुठंतरी हिचं झाड असणार, म्हणायची ती.
आम्ही शाळेच्या पायरीवर घासघासून तापवायचो
आणि पुढच्या बाकावरच्या मानेला चटका.
नदी उलटी चढून बघायचं
कुणालाच सुचलं नव्हतं.

आता पेन्शन सुरू होऊन चार वर्षं झाली.
कवच झिजवल्याशिवाय ती रुजत नाही, पुनो सांगायचा.
परवा मागल्या दारी बसून घासली.
तापली तशी सवयीनं मान शोधली,
कुणी नव्हतं,
माझ्याच मनगटाला लावली.

मग पाण्याच्या पेल्यात सोडली.
आज पाचवा दिवस.
तरंगतेच आहे.